बाबलकाकांचं तांब्याचं कडं

बाबलकाकांना हाक मारली की ते लगेच तुमच्याकडे बघायचे नाहीत. डोळे मिटून मान आधी एका बाजूला फिरवायचे, मग दुसऱ्या बाजूला, अगदी हळू. कुठेतरी मान थांबायची आणि मग डोळे उघडून ते नेमके तुमच्या तोंडाकडे बघायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, ह्यो भाडेकरू येडा हाय." त्या म्हणाल्या, "येडा असू दे. दारू पीत न्हाई, तेवढं बास."

काका मालवणकडचे. आमच्या चिंचवडच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या त्यांनी घेतल्या तेव्हा पिंपरीकडे कारखाने नुकतेच उभे राहत होते आणि बाहेरगावची माणसं खोल्या शोधत दारोदार फिरत होती. काका एका कारखान्यात विजेच्या कामावर होते. त्याआधीचं सगळं आयुष्य त्यांनी किनाऱ्याने माणसं आणि माल नेणाऱ्या एका लाँचवर काढलं होतं. धुक्यात किनारा दिसेनासा झाला की दीपगृहाकडून रेडिओवर येणारा आवाज पकडायचा आणि दीपगृह कोणत्या बाजूला आहे ते तांडेलाला, म्हणजे लाँच हाकणाऱ्याला, सांगायचं, हे त्यांचं काम. यंत्र लढाईतलं जुनं, गोऱ्या फौजेने टाकून दिलेलं. त्याच्या डोक्यावर परातीएवढं तांब्याचं कडं. कडं फिरवलं की आवाज कमीजास्त व्हायचा.

मला वाटायचं, आवाज मोठा येतो तिकडे दीपगृह. काका म्हणाले, "नाय गो वयनी. मोठो आवाज पसरट आसता, तेच्यान काय कळना नाय. आवाज खंय मरता तां बघूचा. जंय मरता, थंय तो आसता." कडं फिरवता फिरवता एका जागी आवाज एकदम नाहीसा व्हायचा. ती जागा सुईच्या टोकाएवढी. तीच दिशा.

समुद्रावर त्या यंत्राचा जीव खाऱ्या हवेने जायचा. तारांच्या जोडावर हिरवा गंज चढायचा, आतल्या काचेच्या व्हॉल्व्हना ओल धरायची, कडं फिरेनासं व्हायचं. काका रॉकेलच्या बोळ्याने एकेक जोड पुसायचे आणि दमट हवेत यंत्राजवळ कोळशाची शेगडी ठेवायचे. एकदा भर वादळात तांडेल त्यांच्यावर ओरडला, "बाबल, माणसां गारठली नि तू यंत्राक शेकवतंस?" काका म्हणाले, "माणसां बंदरात शेकतली. आधी बंदर गावूक होया!"

यंत्र कोरडं राहिलं, ओल काकांच्या छातीत शिरली. दमा लागला, डॉक्टरने समुद्र सोडायला सांगितला. लाँचवर त्यांच्या जागी त्यांचा मुलगा दत्ताराम बसला. नवं यंत्र आलं आणि जुनं काकांना मिळालं. ते त्यांनी आमच्याकडे आणलं, कडं अंगणात बांबूवर बसवलं. सासूबाई त्यावर पापड वाळत घालायला निघाल्या होत्या. पावसाळ्यात कोकणात बोटी वर ओढून झावळ्यांनी शाकारतात. तेवढ्या दिवसांत इतर बोटींची जुनी यंत्रं भाताच्या तुसात बांधून रेल्वेने काकांकडे दुरुस्तीला यायची आणि नारळी पौर्णिमेआधी परत जायची. जोडांवरचं मीठ खरवडताना काका पुटपुटायचे, "मीठ ताटात बरां, तारेत वायट."

एक नियम मात्र ते कडक पाळायचे. दिवे लागायच्या वेळेला दिशा काढायची नाही. "तिनसानेक यंत्र खोटा बोलता," म्हणायचे. तिन्हीसांजेला आवाज आकाशातून फिरून येतात म्हणे आणि आवाज मरायची जागा हलत राहते. त्या भरवशावर कितीतरी बोटी खडकावर गेल्या. आम्हीही तिन्हीसांजेला केर काढत नाही, कुणाला मागून हाक मारत नाही. त्यामुळे मला ते लगेच पटलं.

मग दत्तारामची लाँच गेली. पाऊस तोंडावर आला होता, शेवटची फेरी होती. लाँच एका बंदरातून निघाली आणि दुसऱ्या बंदरात पोचली नाही. ना फळी मिळाली, ना माणूस. बाकीच्यांच्या घरी दर्भाचे पुतळे करून क्रिया उरकल्या. काकांनी केली नाही. दत्तारामची बायको शेवंती हिला त्यांनी चिंचवडला आणलं. विशीतली पोर. कपाळभर कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, आणि तोंडावर काहीच नाही.

ती आली त्याच दिवसांत तो आवाज सुरू झाला. एका तिन्हीसांजेला काकांनी मला हाक मारून कानाला लावायचं यंत्र दिलं. आत नुसती खरखर होती. मग खरखरीच्या खालून एक बारीक सूर आला. तुटक, तुटक, लांब. पुन्हा तुटक, तुटक, लांब. विहिरीच्या तळाशी कुणी शीळ घालावी तसा. शेवटचा सूर लांबला तो लांबलाच.

"झिलाचो हात हा," काका म्हणाले. झील म्हणजे मुलगा. लाँचवर खुणेचे आवाज पाठवायची किल्ली होती. अक्षरासारखा प्रत्येकाचा हात वेगळा असतो, आणि शेवटच्या सुरावरून बोट उशिरा उचलायची दत्तारामला खोड होती. "कितके वेळा सांगलंय तेका, बोट उचल म्हणान."

तेव्हापासून तिन्हीसांजा झाल्या की काका कडं फिरवत बसायचे. सूर कधी लोणावळ्याच्या बाजूला मरायचा, कधी नदीच्या, कधी थेट आमच्या मागल्या दारात. अंगणात पाऊल टाकायला मला नको वाटायचं. ज्या माणसाने तिन्हीसांजेला यंत्राचं ऐकू नये म्हणून आम्हाला बजावलं, तोच आता त्या वेळेची वाट बघत होता.

शेवंतीचं काय होत होतं ते कुणी बघत नव्हतं. संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. सासूबाई म्हणाल्या, "तिला बोलवावं का न्हाई, तूच सांग. सवाष्ण हाय का रांडाव?" मी म्हटलं, "तिलाच इचारा." त्यांनी नाही विचारलं. मी हळदीकुंकवाची वाटी घेऊन मागे गेले तर ती म्हणाली, "वयनी, लावा नायतर पुसा. पण एक काय तां ठरांदे." कारखान्यात लेथवर काम करणारा माणिक नावाचा बीडकडचा एक विधुर होता. त्याने तिच्यासाठी विचारणं केलं होतं. तिच्या लोकांत विधवेचा पाट लागतो, दुसरा घरोबा होतो. पण पाट लागायला आधी विधवा व्हावं लागतं, आणि काका तिला विधवा होऊ देत नव्हते.

एके दिवशी तिने तोंड उघडलं. सासऱ्याला ती मामंजी म्हणायची. "मामंजी, तुमीच सांगतास ना, तिनसानेक यंत्र खोटा बोलता?"

"झिलाचो हात माका कळता."

"मगे एकदा दिवसाढवळ्या आयकवा. दिवसा इलो आवाज, तर मरासर कुंकू लायन, एक शब्द बोलूचंय नाय. नाय इलो तर माका मोकळी करा."

काकांना दम लागला होता. तो ओसरल्यावर ते म्हणाले, "बरां. येत्या सोमती अवसेक."

चिंचवडात रेल्वेच्या विजेच्या तारा, कारखान्यांची गुरगुर. दिशा चोख मिळावी म्हणून उघडा माळ हवा होता. तळवडे माझं माहेर. तिथे भावाच्या रानापलीकडे नुसता खडकाळ माळ होता, कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. आमची बैलगाडी घेतली, यंत्र गोधडीत गुंडाळलं, ट्रकची बॅटरी ठेवली. भावाने गाडी हाकली. मी, काका आणि शेवंती मागे.

ऊन डोक्यावर आलं होतं, पायाखाली सावली उरली नव्हती. काकांनी यंत्र जोडलं. आधी मुंबईच्या बाजूच्या दीपगृहाचा आवाज लावला, कडं फिरवलं. आवाज सुरी फिरवल्यासारखा मेला. "यंत्र खरां बोलता," ते म्हणाले. मग दत्तारामचा सूर जिथे यायचा त्या जागेवर काटा आणला. खरखर. बराच वेळ नुसती खरखर. शेवंतीने पदराने मान पुसली. मला वाटलं, सुटली पोर.

आणि सूर आला. तुटक, तुटक, लांब. इतका मोठा की कानाचं यंत्र काकांच्या डोक्याला असूनही आम्हाला ऐकू आला. बैलांनी कान टवकारले. भाऊ म्हणाला, "आक्के, ह्ये कुठनं येतंय?"

काका कडं फिरवू लागले. सूर तसाच. आणखी फिरवलं. तसाच. पुरता एक फेरा झाला, दुसरा झाला. सूर कुठे तसूभर कमी होईना. त्यांनी जोड तपासले, पुन्हा दीपगृह लावलं. ते नेमक्या जागी मेलं. पुन्हा हा लावला. हा सगळ्या बाजूंनी सारखा. माळावर उभ्या असलेल्या आम्हा चौघांना वेढून बसल्यासारखा.

काकांनी कानाचं यंत्र काढलं. "जो खंयतरी आसा, तेचो आवाज खंयतरी मरता," ते म्हणाले. "ह्येचो खंयच मरना नाय."

शेवंती म्हणाली, "इलो ना दिवसा? मी रवतंय, मामंजी. बोललंय तसा."

"आवाज इलो गो," काका म्हणाले. "माणूस येवक नाय."

गाडीत पाण्याचा माठ होता. काकांनी तो उचलला आणि अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावर ओतून घेतला. आपलं माणूस गेल्याचं कळलं की आंघोळ करतात, ती आंघोळ. दम्याचा माणूस, पाणी निथळत होतं आणि ते थरथरत उभे होते. शेवंती मटकन खाली बसली आणि आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. यंत्र तसंच चालू होतं. ते बंद करायला कुणाचा हात पुढे होईना. शेवटी मीच बॅटरीची तार ओढली.

पाट रात्रीचा, अंधारात लावतात. सवाष्णींनी त्या जोडप्याचं तोंड बघायचं नसतं. काका म्हणाले, "झील दिवसा इलो, तर हिचो पाट दिवसाच लागतलो." आमच्याच अंगणात, भर दुपारी. माणिकशी जातीचा मेळ बसत होता म्हणतात. कसा, ते मी विचारलं नाही. सासूबाईंनी दार लावून घेतलं आणि आतून म्हणाल्या, "बाहेर जाऊ नगंस, तुज्या कुंकवाला धक्का लागंल." मी म्हटलं, "माजं कुंकू येवढं कच्चं न्हाई, आत्याबाई," आणि जाऊन शेवंतीला कुंकू लावलं. माझा नवरा त्यानंतर कितीतरी वर्षं जगला.

माणिक पाया पडायला वाकला तेव्हा काकांनी विचारलं, "तुमच्या गावाक पाणी कितपत?"

"पाणी?" माणिक म्हणाला. "मामा, आमच्याकडं प्यायलाच न्हाई. नदी हाय, पण वाळूचीच."

"बरां झाला," काका म्हणाले. लग्नघरात सगळ्यात मोठ्याने तेच हसले.

नारळी पौर्णिमेआधी त्यांनी ते यंत्र रॉकेलने पुसून, तुसात बांधून, कड्यासकट कोकणात एका बोटीला पाठवून दिलं. बांबू काढला, खड्डा बुजवला. पुढच्या थंडीत ते दम्याने गेले. शेवंती त्यांना शेवटची भेटायला आली तेव्हा तिला दिवस गेले होते. काका ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते. मी शेजारी राखेने तांब्या घासत होते. दिवे लागायची वेळ होती. तिने इकडचं तिकडचं विचारलं आणि मग हळूच म्हणाली, "मामंजी, अजून येता काय ओ तो आवाज?"

"नाय गो," काका म्हणाले. "तुझ्या पाटाच्या दिसाकच बंद झालो."

तिचे खांदे सैल पडले. हात आपोआप पोटावर गेला.

घरात यंत्र नव्हतं, तार नव्हती, काही नव्हतं. तरी तो सूर तेव्हाही येत होता, माझ्या हातातल्या तांब्याच्या काठातून आल्यासारखा. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की मलाही ऐकू येतंय. त्यांनी नुसती मान हलवली, नको म्हणून. शेवटचा लांब सूर चालू असतानाच मी उठले, मुठीतली राख झटकली आणि शेवंतीला म्हटलं, "चल, आत चल. थंडी पडतीय."