शुक्रवारचा फरारी

शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की आमच्या मजल्यावरच्या बँकवाल्या शेजाऱ्यांकडे टीव्ही लागायचा. मालिका कोरियन. त्या देशात प्रत्येक तरुणाला काही काळ सक्तीने सैन्यात जावं लागतं. जुने शिपाई नव्यांना छळतात, नवे पळून जातात, आणि त्यांना पकडून आणायला त्यांच्यातलेच दोघे पाठवतात. खाली इंग्रजी अक्षरं येतात. शेजाऱ्यांच्या आईंना इंग्रजी येत नाही, म्हणून ती मराठीत करून मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे होतं. बाळांनो, तुमच्या आजीच्या कॉन्व्हेंटमधल्या इंग्रजीचा सौदीतल्या जेद्दात झालेला हा सगळ्यात मोठा उपयोग.

शेजारी फार हळवे. पडद्यावर एखाद्या नव्या शिपायाला भिंतीशी उभं करून बडवलं, की ते चष्मा काढून डोळे पुसत आणि टीव्हीला सांगत, "अरे पळ ना वेड्या! थांबलास कशाला?"

अशाच एका शुक्रवारी त्यांचा ड्रायव्हर पळाला.

हा रायगडच्या किनाऱ्याकडचा. घरी बायको आणि तान्ही मुलगी. शुक्रवारची सुट्टी त्याला करारात होती. प्रत्यक्षात नमाजापुरता तो मोकळा. मग मॉल, मग समुद्रकिनारा, मग आम्ही आईस्क्रीम खाईपर्यंत गाडीपाशी उन्हात उभं राहणं. त्याचा पासपोर्ट शेजाऱ्यांच्या कपाटात. हरवू नये म्हणून, असं ते म्हणत. साहेब ऐकून घेणार नाहीत हे जाणून त्याने निरोप माझ्या फोनवर धाडला. मी तो शेजाऱ्यांना ऐकवला.

"आजी, सायबांना सांगा, मी पळालो नाय. शुक्रवार घेतलाय. शराफियाला गाववाल्याकडे आहे. उद्या सकाळी गाडीपाशी असेन."

"खलास," शेजारी म्हणाले. "हुरूब टाकतो."

हुरूब म्हणजे कामगार फरारी झाल्याची तक्रार. मालकाने ती मोबाईलवरून टाकायची, की त्या माणसाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेलाच. पोलिसांनी धरला तर कोठडी, आणि तिथून रिकाम्या हाताने गावी.

"अहो, उद्या येतो म्हणतोय ना?"

"काकू, आज एकाला सोडलं की उद्या सगळे डोक्यावर बसतील. माझं अन्न खातो, माझ्या छपराखाली झोपतो, आणि सुट्टी मला न विचारता? शिस्त आहे की नाही काही?"

मोबाईल घेऊन ते सोफ्यावर बसले. तेवढ्यात त्यांच्या आई आतून औषध घेऊन आल्या. यातलं त्यांच्या कानावर काहीच गेलं नव्हतं.

"लावा की हो पुढे!"

मी लावलं. सार्जंट कोणावर तरी ओरडत होता. खाली त्याच्या बुटांच्या पॉलिशबद्दल काहीतरी लिहिलेलं होतं.

"काय म्हणतोय मेला?"

मी वाचलं, "आज एकाला सोडलं की उद्या सगळे डोक्यावर बसतील. माझं अन्न खातो, माझ्या छपराखाली झोपतो, आणि सुट्टी मला न विचारता?"

शेजाऱ्यांनी मान वर केली. पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे सुट्टीच देत नाहीत त्याला?" आईंनी विचारलं.

"आहे ना. कागदावर."

"काय बाई हलकट माणूस! याच्या आईने काही शिकवलं नाही का याला? माझा असता तर दोन ठेवून दिल्या असत्या."

शेजाऱ्यांची पंचाईत झाली. काकू खोटं वाचतायत म्हणावं, तर खरी ती वाक्यं कोणाची, हे आईंना सांगावं लागणार. त्यांनी मोबाईल उपडा ठेवला आणि एसी वाढवला.

शनिवारी सकाळी ड्रायव्हर गाडी पुसत होता. आता शुक्रवारी शेजारी स्वतः गाडी चालवतात आणि आई मागे दाराची कडी घट्ट धरून बसतात. पासपोर्टचं मी विचारलं, तर "बघू" म्हणाले.

माझं वाचन मात्र बंद झालं. माझ्या डोळ्यांना त्रास होतो असं शेजाऱ्यांचं मत पडलं. आता आईंना शेजारी स्वतःच वाचून दाखवतात.

परवा लिफ्टमध्ये आईंनी मला हळूच विचारलं, "त्या मेल्या सार्जंटचं पुढे काय झालं हो? हा वाचताना नेमकी त्याचीच वाक्यं गाळतो."

"सुधारतोय," मी म्हटलं. "हळूहळू."