तव्याच्या काठावरची करंगळी

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. कधी कुणाच्या हाती ही पानं लागलीच, तर सांभाळून घ्यावं. पण त्या सकाळी खानावळीत जो वास आला, त्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

तो वास भाकरीचा नव्हता. करपलेली भाकरी मी डोळे मिटून ओळखते. हा केस जळल्यासारखा होता. मी वळून पाहिलं. शेजारच्या तव्यावर सुनंदा भाकरीवर पाण्याचा हात फिरवत होती आणि तिची करंगळी तव्याच्या काठाला टेकली होती. लागून गेली नव्हती, टेकली होती. आणि सुनंदा बोलत होती. ती कापडे गावाहून रोज एसटीने येते. आज गाडीत कंडक्टर कुणाशी भांडला, ते सांगत होती. मी तिचं मनगट धरून हात ओढला.

"काय झालं गो ताई?" ती मलाच विचारायला लागली.

करंगळीची कड पांढरी होऊन सोलली होती. तिने ती बघितली आणि पीठ पुसावं तशी पदराला पुसली.

आमचं काम तांदळाच्या भाकऱ्या करण्याचं. महाडला हायवेजवळ खानावळ आहे, तिथे. उकळत्या पाण्यात पीठ घालून वाफ आणायची, त्याला उकड म्हणतात. ती गरम असतानाच मळायची, थापायची, तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायचं, उलटायची, मग जाळावर फुगवायची. सगळं हाताने. नवीन बाईच्या बोटांना सुरुवातीला फोड येतात. पुढे कातडी जाड होते. त्याला आम्ही 'हात तयार झाला' म्हणतो.

सुनंदाचा हात सगळ्यांत लवकर तयार झाला होता. फुगलेली भाकरी ती जाळावरून नुसत्या हाताने उचलायची, सावकाश. आमची मालकीण, तिला आम्ही सगळ्या वहिनी म्हणतो, गिऱ्हाइकांना दाखवायची, बघा, हिला तवा लागतच नाही. आणि आम्हाला टोमणा मारायची की शिका जरा हिच्याकडून.

पण माझाही हात तयार आहे. घट्टे पडलेत. तरी काठ लागला की माझा हात उडतो. इतक्या वर्षांत एकदाही उडाला नाही असं झालेलं नाही. सुनंदाचा का उडाला नाही, हे दिवसभर माझ्या मनातून जाईना. जेवणाची गर्दी ओसरल्यावर मी तिला मागच्या दाराशी नेलं, तोंड फिरवायला सांगितलं आणि करंगळीला जोरात चिमटा काढला.

ती वाट बघत उभी होती. "काढ ना गो. किती वेळ?"

अंगठ्याला काढला तेव्हा तिने मला फटका दिला.

मी परक्या माणसाशी बोलत नाही, मला घाम फुटतो. पण सुनंदा एकटी जाईना, म्हणून सरकारी दवाखान्यात मी तिच्याबरोबर गेले. डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी सुनंदाला डोळे मिटायला सांगितलं आणि पेनाच्या टोकाने ठिकठिकाणी स्पर्श केला. लागलं तिथे बोट ठेवायचं. अंगठा, पहिलं बोट, मधलं, बरोबर. करंगळीला त्यांनी तीनदा टोचलं. सुनंदा डोळे मिटून बसून राहिली. करंगळीच्या शेजारच्या बोटालाही तसंच. मग त्यांनी तिच्या कोपराच्या मागे चाचपून बघितलं. दंडाखालच्या फिकट डागावर कापूस फिरवला, तोही तिला कळला नाही. तो डाग आम्ही भाजल्याचा समजत होतो.

मग त्यांनी सुनंदाला टेबलावर पाय लोंबते सोडून बसवलं आणि गुडघ्याच्या वाटीखाली रबराच्या हातोडीने हलकेच मारलं. पाय उडाला. सुनंदा घाबरून पायाकडे बघायला लागली. "मी नाय हलवला," ती म्हणाली.

"बरोबर. तुम्ही नाही हलवला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी मग जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. पाठीच्या मणक्यांच्या आत एक दोरी असते, बोटाएवढी जाड. तिला मेरुरज्जू म्हणतात. ती वर मेंदूला जोडलेली. तिच्यातून नसा निघून अंगभर जातात. नस म्हणजे धाग्यांची जुडी. एकेक धागा ही एकेक पेशी, केसाहून कितीतरी बारीक. करंगळीच्या टोकापासून मानेपर्यंत पोचणारी एकच पेशी. मी माझा हात लांब करून बघितला. एवढी लांब, आणि डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक. मी शेवया वळते. माझी सगळ्यांत बारीक शेवई त्यापुढे दोरखंड.

चटका बसला की निरोप त्या धाग्यावरून पाठीच्या दोरीत जातो. आणि तिथून मेंदूकडे परवानगी मागायला जात नाही. दोरीतच दुसऱ्या पेशीला सांगितलं जातं, ती स्नायूला सांगते आणि हात मागे येतो. मेंदूला ते नंतर कळतं. म्हणून हात आधी उडतो आणि 'आई गं' मागाहून येतं.

हे मला कुणी सांगायला नको होतं आणि तरी मला माहीत नव्हतं. उभ्या जन्मात हजार वेळा हात आधी उडाला आणि मी नंतर ओरडले. माझ्या पाठीत कुणीतरी जागं बसलंय आणि मला न विचारता माझे हात वाचवतंय. मी मान खाली घालून बसणारी बाई, पण त्या दिवशी मी तोंड उघडून विचारलं, "मग हिची पाठ बिघडली काय?"

"पाठ ठणठणीत आहे. निरोपच पोचत नाही. कोपरापाशी नस सुजली आहे. हात द्या."

त्यांनी माझी बोटं सुनंदाच्या कोपरामागे ठेवली. कातडीखाली जाड दोरी लागली. मग माझ्याच कोपरावर ठेवली. तिथे बारीक होती, आणि दाबल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या.

आजाराचं नाव त्यांनी सरळ सांगितलं. कुष्ठरोग. सुनंदाने आपली बोटं पदरात घेतली. मग तिने एकच विचारलं, "माझी बोटं जातील काय?"

त्या म्हणाल्या की वेळेत आलात. गोळ्या फुकट मिळतील, चुकवायच्या नाहीत. नसेची सूज उतरायला वेगळं औषध देते. घरच्यांना तपासायला आणा. करंगळी किती परत येईल ते आज सांगत नाही, पण आहे ते वाचवायचं. "हात तुम्हाला सांगणार नाही. आता हाताचं काम डोळ्यांनी करायचं. बघितल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही."

वहिनीला सुनंदाने दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगितलं. वहिनी मागे सरकली.

"महारोग? माझ्या चुलीवर? गिऱ्हाइकाला कळलं तर संध्याकाळपर्यंत शटर खाली येईल. तू उद्यापासून येऊ नको."

वहिनी दुष्ट नाही. तिचंही घर त्याच चुलीवर चालतं. सुनंदाचंही. तिचा नवरा मुंबईला असतो, त्याचा एक महिना पगार होतो, दोन महिने नाही.

"काढायचं तर काढा," सुनंदा म्हणाली. "पण आधी माझ्यासंगती चला. डॉक्टरीणबायला माझ्या समोर इचारा. ती म्हणाली भाकरीतून पसरतो, तर मीच पायरी चढणार नाय."

गल्ल्याची किल्ली कमरेला खोचून वहिनी तिच्याबरोबर गेली. परत आली ती सरळ उंच स्टुलावर बसली, पाय लोंबते सोडले आणि मला हाक मारली. "शालू, ती पळी घे आणि माझ्या गुडघ्याच्या वाटीखाली मार."

मालकिणीला पळीने कसं मारायचं? मी हलकेच टेकवली.

"आमटी ढवळतेस काय? मार."

मी मारली. पाय उडाला आणि समोरची पाण्याची बादली आडवी झाली. वहिनी ओल्या साडीने बसून हसायला लागली. "बघितलंस? मला विचारलंच नाही त्याने!" मग आम्ही सगळ्या एकेक करून स्टुलावर बसलो. उकड थंड झाली, त्या दिवशी भाकऱ्यांना तडे गेले.

हसणं थांबल्यावर वहिनीने सांगितलं की भाकरीतून काही पसरत नाही आणि औषध सुरू झालं की कुणाला भीती नाही. सुनंदा पार्सल बांधेल. गरमाला हात लावायचा नाही. बाहेर कुणी एक शब्द बोललं तर गाठ माझ्याशी.

सुनंदा पार्सलवर बसायला लागली. डबा उचलण्याआधी डबा बघायची, मग आपला हात बघायची. आमची पाठ जे फुकट करते, ते ती दिवसभर जागं राहून करत होती. संध्याकाळी तिचे डोळे लाल व्हायचे.

बऱ्याच महिन्यांनी एका दुपारी मी घाईत आमटीचा टोप तिच्या टेबलावर ठेवला आणि सांगायला विसरले. तिचा हात त्याला लागला आणि उडाला. पिशव्यांचा गठ्ठा खाली पडला. मग तिच्या तोंडातून शिव्या आल्या, माझ्या माहेराला, सासरला, दोन्हीकडे. मध्येच ती थांबली आणि बोटांकडे बघायला लागली. करंगळीच्या शेजारचं बोट लाल झालं होतं. ती ते तोंडात घालून रडत होती आणि वहिनी बर्फ आणायला धावत होती.

करंगळी अजून मुकी आहे. कदाचित तशीच राहील. तिला सुनंदा डोळ्यांनी सांभाळते.

एवढं मी शिकले: ज्या बाईला तवा लागत नाही तिचं कौतुक करू नये, तिला दवाखान्यात न्यावं. आणि भाजल्यावर जी ओरडते तिला कच्ची म्हणू नये.