कानसेन आणि ऐकू न आलेली शीळ

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळा बाजार कानसेन म्हणायचा. हे नाव त्यांनी स्वतःच पसरवलंय, असं शेजारचा चष्मेवाला छातीठोकपणे सांगायचा. पण नाव खोटं नव्हतं. इतर दुकानदार लॅपटॉप आला की आधी उघडायचे. कानसेन आधी ऐकायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लॅपटॉपला, आत हार्ड डिस्क असते त्या कोपऱ्यात टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक देवळात उभं राहावं तसं गप्प उभं राही. मग निकाल लागे. टकटक असेल तर आतली सुई वाट चुकतेय, खरखर असेल तर चकती खरवडली जातेय, आणि नुसती घरघर असेल तर पंख्यात धूळ साचलीय, उगाच घाबरू नका. नंतर लॅपटॉप उघडला की निघायचं तेच. वीस वर्षांत त्यांचा अंदाज फार तर चार-पाचदा चुकला असेल, आणि त्या प्रत्येक वेळी चूक गिऱ्हाइकाची होती असं त्यांचं म्हणणं.

ऐकण्याआधी ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे: यातलं काय गेलं तर रडाल? जे उत्तर येईल ते सगळ्यात आधी वाचवायचं, बाकीचं नंतर, हा त्यांचा धर्म. कुणी लग्नाचे फोटो सांगे, कुणी प्रबंध. एक वकील ‘काहीच नाही’ म्हणाले आणि डिस्क गेल्यावर बाकावर बसून ढसाढसा रडले.

एका सोमवारी गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. साठीच्या, ताठ कण्याच्या, बोलताना समोरच्याचा सूर तपासत असल्यासारख्या बघणाऱ्या. त्यांचा लॅपटॉप नऊ वर्षांचा होता आणि चार दिवसांपासून बारीक शीळ घालत होता. त्यात, आधीच्या लॅपटॉपवरून आणलेल्या धरून, अठरा वर्षांच्या रेकॉर्ड केलेल्या शिकवण्या साठवलेल्या होत्या. पण रडू कशाचं येईल, तर थोरल्या बहिणीच्या एका फाईलचं. अकरा मिनिटांची. बहीण जाऊन तीन वर्षं झाली होती, तिच्या आवाजाचं तेवढंच काय ते उरलं होतं, आणि दुसरी प्रत नव्हती.

कानसेनांनी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. आत सगळं शांत. एक गुळगुळीत गुणगुण, बस्स. शीळबिळ काही नाही. त्यांनी जागा बदलून पुन्हा ऐकलं आणि लॅपटॉप ठणठणीत असल्याचं जाहीर केलं. वर हेही सुनावलं, की दिवसभर सूर ऐकणाऱ्या कानांना नसलेले सूरही ऐकू येतात. बाईंना ते पटलं नाही. पण ज्याचं काम त्याने करावं, असं म्हणून त्या लॅपटॉप घेऊन गेल्या.

संध्याकाळी कानसेन स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते. हातभर अंतरावर किटली होती, पाणी उकळलं की शिट्टी मारणारी. तेवढ्यात बायको जिना चढून धावत आली, मागोमाग खालच्या मजल्यावरचे शेजारी. बायकोने गॅस बंद केला. पाणी आटून तळाला गेलं होतं. शेजारी म्हणाले की दहा मिनिटं शिट्टी ऐकतोय, म्हटलं घरात कुणी नाही की काय. कानसेन कधी किटलीकडे बघत, कधी त्यांच्याकडे.

शेजारी गेले, तेव्हा कानसेनांनी पेपर खाली ठेवला. किटली त्यांच्या कानाशी दहा मिनिटं ओरडत होती आणि त्यांना त्यातलं काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. मग बाईंची शीळ?

“मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत गं,” ते म्हणाले.

“चार वर्षं झाली,” बायको किटली घासता घासता म्हणाली. “तुम्हाला आज कळलं का?”

चार वर्षं ते तिला सांगत आले होते की तू तोंडातल्या तोंडात बोलतेस.

सकाळी दुकान न उघडता ते एक कोरी डिस्क आणि स्वतःचा लॅपटॉप पिशवीत घालून बाईंच्या घरी गेले. वाटेत त्यांनी तीन-चार बहाणे जुळवून पाहिले. नव्या पद्धतीची तपासणी, मोफत सेवा, असं काहीबाही. पण दार उघडून बाईंनी सरळ डोळ्यांत बघितलं आणि सगळे बहाणे गळून पडले.

“बाई, काल मला तुमची शीळ ऐकूच आली नाही. माझा कान गेलाय. आणि मी तुम्हाला ठणठणीत म्हणालो.”

“माझ्याकडे येणारे निम्मे असेच असतात,” बाई म्हणाल्या. “ऐकू काही येत नाही आणि माना डोलावतात. आत या.”

लॅपटॉप टेबलावर चालूच होता. शीळ वाढलीय, असं बाई म्हणाल्या. कानसेनांना कपाळ ऐकू येणार! शीळ कसली आहे हे कळल्याशिवाय हात लावायची सोय नव्हती, आणि ती कळायला कान हवा होता. तेव्हा बाईंनी खुर्ची ओढली, क्षणभर ऐकलं आणि ती शीळ दोन सप्तकं खाली आणून गाऊन दाखवली. आधी एकच लांब सूर, मग हळूच वर चढणं, वर एक अडखळ, आणि धप्पकन खाली.

“पुन्हा म्हणा,” कानसेन म्हणाले. बाईंनी पुन्हा म्हटलं. बाहेर थांबलेल्या दोन विद्यार्थिनींना वाटलं, बाईंनी या वयाचे गृहस्थही शिकवायला घेतले.

तिसऱ्यांदा ऐकल्यावर कानसेनांना दुखणं कळलं. चकती फिरते तो दांडा झिजलाय, सुई जागा सोडून पुन्हा परततेय. लॅपटॉप आता बंद केला तर परत उठायचा नाही. त्यांनी कोरी डिस्क जोडली आणि बहिणीची फाईल आधी घेतली. एरवी जिला मिनिटही लागलं नसतं ती फाईल गोगलगायीच्या चालीने निघाली. शीळ चढली की बाई बोट वर करून ती खालच्या सुरात गात आणि कानसेन काम थांबवून टेबलफॅनचा वारा घालत. ती उतरली की पुन्हा सुरू. आंधळ्या-पांगळ्याची जोडी होती, पण चालली. दीड तासाने फाईल पूर्ण आली.

शिकवण्या मात्र तिसरा हिस्सा आल्या असतील नसतील, आतून खट्ट झालं. हा आवाज कानसेनांनाही ऐकू आला. मग काहीच नाही.

कानसेनांना मान वर करवेना. काल तुमचं खरं मानलं असतं तर सगळं वाचलं असतं, हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं. बाईंना वाईट वाटलं होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग म्हणाल्या की गेलेल्या शिकवण्यांत बेसूरच जास्त होते, आता ती फाईल लावा.

कानसेनांनी ती आपल्या लॅपटॉपवर लावली. त्यांना वाटलं होतं गाणं असेल. गाणं कसलं! भरड्या, जाड आवाजात बहीण अकरा मिनिटं बाईंना झापत होती. औषध वेळेवर घेत नाहीस. दार नुसतं लोटून ठेवतेस. त्या सावकारणीच्या मुलीला गळा नाही तरी चांगली म्हणतेस. शेवटी म्हणाली, “हे चालूच आहे की काय अजून? बंद कर ते,” आणि फाईल संपली. बाई हसतही होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या. त्यांचा हात पुन्हा फाईल लावायला गेला तसा कानसेनांनी लॅपटॉप बाजूला ओढला. आधी आणखी दोन प्रती, मग दिवसभर ऐका.

प्रती होईपर्यंत ते बसून राहिले. मग त्यांनी जरा चाचरत विचारलं, “मला ऐकू न आलेलं काही होतं का हो त्यात?”

“होतं ना,” बाई म्हणाल्या. “प्रत्येक वेळी झापून झालं की ती बारीक हसत होती.”

चार वर्षं घरी आपल्याला बायकोचं नुसतं झापणंच ऐकू येत होतं, हे कानसेनांच्या तेव्हा ध्यानात आलं.