नव्या पेशी येत नाहीत, असं मी म्हणाले होते

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मूर्ख गोष्ट मी अगदी शुद्ध भाषेत, कॉलेजच्या व्हरांड्यात उभी राहून बोलले. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाऊस नव्हता, नळाला आठवड्यातून एकदा पाणी. आणि मी, प्राणिशास्त्राची नवी बाई, साडीला खळ घालून यायचे. खळीला पाणी कुठून मिळवायचे, ते सांगायची आज लाज वाटते.

आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, शब्द गेले. त्याची बायको त्याला मुरुडहून रोज सकाळच्या एस.टी.नं आणायची आणि ओळखीच्या बरण्यांसमोर बसवायची. बेडूक, सरडा, विंचू. ती नाव घ्यायची, तो ओठ हलवायचा. महिनाभरात 'बे'पर्यंत आला होता.

तिनं मला विचारलं, "बाई, यील का ह्यांचं बोलणं?"

"मेंदूतल्या पेशी एकदा मेल्या की मेल्या. नव्या येत नाहीत. उगाच दगदग करू नका."

"हाव," म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून दोघं आले नाहीत. मला वाटलं, किती समजूतदार बाई! पुढच्या वर्षी मी नांदेडला नोकरी धरली आणि विसरूनही गेले.

आता गुडघे गेले, डोळे जायला लागलेत, आणि घरात नात नेमकं ह्याच विषयावर संशोधन करते, उंदरांच्या मेंदूवर. एका दुपारी तिनं मला समजावलं. मेंदूत एक प्रथिन असतं. ते नव्या पेशीवरच्या रिसेप्टरला, कुलपात किल्ली बसावी तसं, जाऊन चिकटतं, मग आत निरोप जातो: जग, फांद्या फोड. निरोप आला नाही तर बहुतेक नव्या पेशी मरून जातात. उंदीर पळत राहिला, शिकत राहिला, तर निरोप वाढतात.

"आणि माणसात?"

"मोठेपणी किती नव्या येतात, त्यावर अजून भांडणं चालू आहेत, आज्जी."

"मग झटक्यानंतर बोलणं परत येतं ते?"

"बहुतेक जुन्याच पेशी नवे धागे जोडतात. पण त्यासाठी रोज बोलत राहावं लागतं."

रोज. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मुरुडला गेले. शिपाई वारलाय. त्याच्या बायकोनं मला ओळखलं, चहा टाकला. मी सगळं सांगितलं, रिसेप्टरसकट. माफी मागायला गेलेली बाई तिथंही तासच घेऊन आली. तिनं कप माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "तुमचं आयकून म्या सा महिने त्यांच्याशी बोललेच न्हाई, बाई. मग त्येच एक दिस 'पानी' म्हणले. पेशीचं ऱ्हाऊ द्या. त्या सा महिन्यांत ते नुसते माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायचे, त्याचं काय करू म्या?"