मर्लचं नाव तळाला

आता कोर्ट हायवेलगतच्या नव्या इमारतीत गेलंय. निवडणुकीचे उमेदवार गाडीतून उतरतात, अर्जाचे कागद देतात, चालू पडतात. ना आरडाओरडा, ना पैजा. डिसेंबरात अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी माझ्या कॅफेत जी मजा यायची, ती आठवली की आजही जीव कासावीस होतो.

जुनं कोर्ट माझ्या खिडकीच्या बरोबर समोर होतं. मर्ल ओल्टमन आमच्या काउंटीचे रस्ते सांभाळायचा, म्हणजे उन्हाळ्यात खडी आणि हिवाळ्यात बर्फ. त्यासाठी दर चार वर्षांनी निवडून यावं लागे. आमच्याकडे दुसऱ्या पक्षाला कुणी हिंग लावून विचारत नाही, त्यामुळे पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवायच्या आतल्या निवडणुकीत, जो जिंकला तो नोव्हेंबरात जिंकलाच. अर्ज येतील त्या क्रमानं नावं छापायची रीत. बाकीचे पहिल्या नंबरासाठी पहिल्याच दिवशी कुडकुडत रांगेत उभे राहायचे. मर्लचं सगळं उलटं. त्याला तळाचंच नाव हवं.

"अगं आर्डी, यादी वाचून माणूस कंटाळतो, आणि जिथं पेन थांबतं तिथं खूण करतो," म्हणायचा. शुद्ध खुळचटपणा! पण पाच वेळा निवडून आलेल्याला कोण शिकवणार?

शेवटच्या दुपारी मतदारांच्या सह्यांचे कागद काउंटरवर ठेवून तो माझ्या हातचा ॲपल पाय खात बसायचा, एक डोळा कोर्टाच्या घड्याळावर. पाचचा ठोका संपला की दार बंद. आत असेल त्याचा अर्ज घ्यायचा, बाहेर राहिला तो राहिला. दार लावायची कोण? तर त्याचीच थोरली बहीण ल्युएला, अर्ज घेणारी काउंटीची क्लार्क. ते ओकचं जुनं दार बर्फाच्या पाण्यानं फुगून अर्ध्यातच अडायचं. ती खांद्यानं रेटत असायची, तेवढ्यात हा तोंडातला घास चावत फटीतून आत शिरायचा.

"मेल्या, एक दिवस चेमटून ठेवीन तुला!" ती ओरडायची, आणि अख्खं कॅफे खिडकीशी उभं राहून टाळ्या पिटायचं.

सहाव्या खेपेच्या आधी ल्युएलाचा खांदा आखडला. साधा कोट चढवतानाही तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या वर्षी समोर उभा होता कर्टिस वीब, बियाणं विकणारा. मेहुणा वकील, त्यामुळे तोरा विचारू नका.

शेवटच्या दिवशी दुपारपासून त्या हिवाळ्यातला पहिलाच बर्फ कोसळत होता. मर्ल कागद घेऊन उठला, आणि त्याच क्षणी त्याचा वायरलेस खरखरला. ओढ्याच्या पुलाजवळ शाळेची बस खड्ड्यात घसरली होती, पोरांसकट.

"अरे, आधी कागद दे! समोर तर आहे!" मी म्हटलं.

"पोरं गारठतायत, आर्डी. तूच देऊन ये." बर्फ ढकलायच्या ट्रकवर चढून तो गेलासुद्धा.

मी ॲप्रनसकट धावले. रस्त्याच्या मधोमध पाय सटकला, गुडघ्यावर आपटले, कागद बर्फात पांगले. गोळा करून पायरीपाशी पोचते तो ठोके संपत आले होते. "ल्यू, थांब!" मी किंचाळले. तिनं मला पाहिलं. कागद कुणाचे तेही पाहिलं. मी मनात म्हणतेय, अडेल, दार नेहमीसारखं अडेल. आणि ते आवाजसुद्धा न करता बंद झालं. दारावर मुठी आपटत मी तिला काय काय शिव्या दिल्या, ते इथं लिहिता येणार नाही.

पोरं सुखरूप घरी पोचली. मर्लचा अर्ज घ्यावा म्हणून आमचा वाद मात्र सुनावणीपर्यंत गेला. आमच्या वकिलानं ल्युएलाला गोड बोलून विचारलं, "ठोका संपला तेव्हा या बाई आतच होत्या ना?"

"पायरीवर होती," ल्युएला म्हणाली. "आत नव्हती."

एका शब्दाचं काम होतं. सख्खा भाऊ तिचा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मागून कुणीतरी तिला चेटकीण म्हणालं. तेव्हा मर्ल उठला. "ती खरं बोलतेय. मिटवा हे. माझं नाव नका छापू."

संध्याकाळी तो माझ्याकडे बसला होता. ल्युएला आली, कोट न काढता त्याच्या शेजारी बसली. मी तिला कॉफी विचारली नाही. इच्छाच नव्हती.

"मर्ल," ती खाली बघत म्हणाली, "मी रेटलंच नव्हतं रे. नुसता हात लावला. म्हटलं अडेल नेहमीसारखं, तोवर आर्डी आत येईल. लागलं कसं, देव जाणे."

मर्लनं कप बाजूला सरकवला.

"ऑक्टोबरात मी रंधा मारला त्या दाराला," तो म्हणाला. "रविवारी, तू चर्चमध्ये होतीस तेव्हा. तुझा खांदा दुखत होता ना." मग हळूच विचारलं, "नीट बसलं का?"

"एका बोटानं लागतं रे मेल्या," ती म्हणाली, आणि तोंड झाकून रडायला लागली.

मी तिच्यापुढे कॉफी ठेवली.