दोन दिवसांचा ऊस

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात कामाला होतो. ऊसनोंदीची टेप पुण्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवरून नव्या कॉम्प्युटरवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. इथलं पोतं उचलून तिथं ठेवायचं, त्याला काय अक्कल लागते, असं मला वाटलं. नव्या यंत्राने उसाच्या वयाप्रमाणे तोडीची यादी छापली, जास्त दिवसांचा ऊस आधी. मी ती न वाचताच ऐटीत गावोगाव धाडली. यंत्राने छापलंय म्हटल्यावर कारखान्यातही कुणी वाचली नाही.

पंधरा दिवसांनी आष्ट्याजवळ घरी गेलो, तर शेजारचा दहा महिन्यांचा कोवळा ऊस तुटून गेलेला आणि आमच्या सतरा महिन्यांच्या उसाला तुरे आलेले. उसाचं वजन रोज घटत होतं. माझे वडील, पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, बांधावर शांत बसले होते.

"आबा, तोड न्हाई आली अजून?"

"कशी यील? परवाच लागण झालीया आपली." त्यांनी खिशातून यादी काढली. आमच्या उसाचं वय छापलं होतं दोन दिवस. शेजाऱ्याचा ऊस तीस वर्षांचा!

मी तसाच पुणे गाठलं. तिथल्या इंजिनिअरने हसत उलगडा केला. प्रत्येक आकडा दोन तुकड्यांत असतो. जुनं यंत्र मोठा तुकडा आधी लिही, नवं धाकटा आधी वाची. आमचे पाचशे बारा दिवस म्हणजे मोठ्या तुकड्यात दोनशे छप्पन्नचे दोन गठ्ठे, धाकट्यात सुटे शून्य. उलटे वाचल्यावर उरले नुसते दोन.

दुरुस्त यादी घेऊन आलो आणि वडिलांना हे सांगितलं.

"म्हंजे पलटणीला पीछे मूड केलंस, आन् मागच्यालाच म्होरक्या समजलास."

इतकं सोपं मला इंजिनिअरनेही सांगितलं नव्हतं. मी चिडलोच. "आवं, मग कारखान्यात जाऊन भांडला का न्हाई? लय नुकसान झालं की!"

"तुजी पयलीच यादी. म्या बोंब मारली असती तर तुजी नोकरी गेली असती. ऊस काय, फुडल्या साली बी लावता येतोय."

 मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात हवालदारांचा आवाज चढला.

"हुबा ऱ्हा. आता ही नवी यादी मोठ्यानं वाच. सगळी."

बांधावर ताठ उभा राहून मी चारशे शेतांची यादी पहिल्यांदाच वाचली.