ट्रेव्हरच्या बँडमध्ये उरलं कोण?

आमच्या गल्लीत वीस वर्षं एक बातमी पक्की होती: ट्रेव्हर ओल्डरॉइडने बर्मिंगहॅमला दुसरी बाई ठेवलीय. वर्षातून तीनदा हा बॅग भरून जायचा आणि दुसऱ्या दिवशी तारवटलेल्या डोळ्यांनी परतायचा. बातमी पसरवण्यात माझाही हात होता, खोटं कशाला बोलू? शेवटी त्याच्या बायकोनेच, मॉरीनने, मला झापलं. "बाई कसली आलीय, बॅरी! बँड आहे तो. वीस-वीस मिनिटांचं एकेक गाणं! शाळेत असताना थोरल्या भावाकडे त्यांची तबकडी ऐकली, तेव्हापासून त्यांच्या मागे फिरतोय."

गेल्या मंगळवारी पबमध्ये कळलं, की बँडच्या मूळ पाच जणांतला शेवटचा, ड्रमवाला म्हातारा, निवृत्त झाला. मला धक्काच बसला. ट्रेव्हरने त्यांच्या शनिवारच्या कार्यक्रमाचं तिकीट काढलेलं. बिचारा पार कोसळला असेल, म्हणून माझ्या बायकोने केलेला लिंबाचा केक घेऊन मी सांत्वनाला धावलो.

मॉरीनने दार उघडलं. आत बघतो तर काय, हा पठ्ठ्या शनिवारसाठी बँडचा पन्नास वर्षांपूर्वीचा टी-शर्ट इस्त्री करतोय! मी केक हातात धरून तसाच उभा.

"अरे, जुना एकही माणूस उरला नाही! सगळी परकी पोरं! हा तुझा बँड राहिला तरी का?"

इस्त्री थांबली. क्षणभर वाटलं, आता रडतो. त्याने मला खालून वर न्याहाळलं.

"तुझे दात नवे, गुडघा नवा, बायकोही दुसरी. तरी आम्ही तुला बॅरीच म्हणतो ना?"